मोबदला देताना सगळं घर समोर बसवा : भूसंपादन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
उपजिल्हाधिकारी (भूसंपादन), उपविभागीय अधिकारी आणि जमीन मोबदल्याच्या कामावर नेमलेले महसूल खात्यातले सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

महोदय, महोदया,

पुरंदरच्या सात गावांत विमानतळासाठी, पुण्याभोवती रिंग रोडसाठी, शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवर, जिकडे बघावं तिकडे जमिनीचा प्रश्न पेटलेला आहे. जमीन द्यायची की नाही आणि दर काय, यावर मोर्चे निघतात, बैठका होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. दर ठरतो, मोबदल्याचा निवाडा होतो, रक्कम खात्यावर पडते आणि तुमच्या दप्तरी प्रकरण निकाली निघतं. त्या घराचं पुढे काय झालं हे बघायला तुमच्यापैकी कुणी परत येत नाही. मला ते बघावंच लागलं, कारण जालना-संभाजीनगर पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या काउंटरवर बसत होते आणि समृद्धी महामार्ग आमच्या भागातून गेला. आता निवृत्त झाले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातला हिशेब तुम्हाला पाठ आहे. बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला दोनपर्यंतचा गुणक, आणि जी रक्कम येईल तितकीच पुन्हा दिलासा रक्कम. म्हणजे बाजारभावाच्या चौपटीपर्यंत. समृद्धीसाठी वाटाघाटीने थेट खरेदी केली तेव्हा त्यावर आणखी २५ टक्के दिले, म्हणजे पाचपट. एकरी आठ लाख बाजारभाव धरला तरी एकराचे चाळीस लाख होतात. अडीच एकर गेले की एक कोटी. त्याच अडीच एकर कोरडवाहूत कापूस आणि तूर घेऊन, पाऊस वेळेवर पडलाच तर, वर्षाकाठी खर्च वजा जाता लाख रुपये हाती लागायची मारामार होती. ज्या खात्यावर दुष्काळी अनुदान आणि बोंडअळीची भरपाई यायची, त्या खात्यावर एका दुपारी कोटीचा आकडा. आणि खरेदीखत झालं त्याच दिवशी पैसे जमा, ही सरकारची अभिमानाची गोष्ट. वेळेवर पैसे मिळाले याचा मलाही आनंदच होता. कोयनेच्या धरणग्रस्तांना पिढ्यानपिढ्या खेटे घालावे लागले, त्या मानाने हे कितीतरी बरं. पण पैसे जितक्या घाईने आले तितक्याच घाईने घरं फुटली, आणि ती कशी फुटली हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

एका घराचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

तीन भाऊ, दोन लग्न झालेल्या बहिणी, आई. वडील वारल्यावर सातबारावर थोरल्याचं एकट्याचं नाव लागलं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव कर्त्याचं. अनेक वर्षं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. थोरला तूर विकून यायचा, दोघा भावांच्या हातावर पैसे ठेवायचा, बहिणींना पंचमीला बांगड्या भरायचा. कर्ज काढायला तिघं मिळून बँकेत यायचे, बाकावर बसून एकच चहा तिघांत करायचे. मोजणी झाली तेव्हा थोरला मला काउंटरवरच म्हणाला होता, “ताई, आईच्या नावानं दहा लाख ठेवायचे. बहिणींना पाच-पाच. उरलं ते तिघांत सारखं.” तो मनापासून बोलत होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

रक्कम त्याच्या एकट्याच्या खात्यावर आली, कारण तुमच्या यादीत त्याचं एकट्याचंच नाव होतं.

दुसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा सोबत भाऊ नव्हते. सासुरवाडीचे दोघे आणि त्याचा नुकताच बारावी झालेला मुलगा होता. बोलत होता तो मुलगाच. आईच्या दहा लाखांचा विषय मीच काढला, तर म्हणाला, “बघू, आधी देणी भागवू.” कसली देणी? बापाच्या माघारी संसार ओढल्याची. धाकट्याच्या लग्नाला काढलेले पैसे, मधल्याच्या पोराचं दवाखान्याचं बिल, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. पैसा नव्हता तेव्हा माया म्हणून जे जे केलं होतं, त्या सगळ्याची बिलं निघायला लागली. मधल्याने मग आपली बिलं काढली. विहीर खणताना दोन वर्षं फुकट राबलो, त्याचं काय? धाकटा बाजार समितीत हमाली करायचा. त्याने हिस्सा मिळणारच म्हणून शेकडा तीन रुपयांनी महिन्याच्या व्याजाने पैसे उचलले आणि दारात बुलेट आणली. हिस्सा काही आला नाही, व्याज मात्र दर महिन्याला येत राहिलं.

त्यातला एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हातारी मुलासोबत आली होती. पासबुक छापून झालं तशी ती बाकावरून उठून आली आणि विचारलं, “किती आलेत रं?” त्याने पासबुक मिटलं आणि म्हणाला, “तुला काय कळतंय त्यातलं? बस तिकडं.” हीच बाई घरातली पायली न पायली ज्वारी मोजून वर्ष काढायची. उचल किती आली आणि किती फिटली, हे तिला तोंडपाठ असायचं. घराचा हिशेब तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. त्यानंतर काही महिन्यांनी ती मुलीकडे राहायला गेली, आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला नातवाचा हात धरून आमच्याकडे येऊ लागली. लेकाच्या नावावर कोटी आणि आई निराधारांच्या रांगेत.

मधल्याने दिवाणी दावा लावला. कोर्टाचा मनाई हुकूम आला, खातं गोठलं. तोवर त्यातले निम्मे गेले होते. एक गाडी, मुलाच्या नावाने शहराजवळ घेतलेला प्लॉट, जो पुढे गुंठेवारीच्या लफड्यात अडकला, आणि एका दामदुप्पटवाल्याकडे गुंतवलेली रक्कम. ती कंपनी कार्यालयाला कुलूप लावून पसार झाली. उरलेल्या निम्म्यावर आज वकील जगतात.

हे एकच घर असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तपशील बदलून हीच गोष्ट मी गावोगावच्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे. कुठे मुलाने बापाला दारू पाजून अंगठा घेतला. कुठे नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि पहिलीला माहेरी धाडलं. कुठे लग्नाच्या बाजारात मुलाचा भाव एका रात्रीत वाढला आणि जुनी ठरलेली सोयरीक मोडली, कारण आता आम्हाला तोलामोलाची पाहिजे. काल एका ताटात जेवणारी माणसं आज एकमेकांच्या दारावरून जात नाहीत.

हाव आमची आहे. ती तुम्ही आमच्या घरात आणून टाकली असं मी म्हणत नाही. थोरल्याने आईला ‘बस तिकडं’ म्हटलं ते त्याचं पाप आहे, सरकारचं नव्हे. पण हावेला वाट कुठून मिळाली, ते तर बघाल ना? जमीन होती तेव्हा हीच माणसं, हाच थोरला, याच बायका होत्या. जमीन विकायची म्हटली तर सगळ्यांच्या सह्या लागायच्या, भावकीत बोभाटा व्हायचा, म्हातारी उंबऱ्यात आडवी पडायची. महिनोन्महिने चर्चा चालायची आणि बहुतेक वेळा विकायचं रहित व्हायचं. मोह तेव्हाही होते, पण ते पुरे व्हायला अख्ख्या घराची संमती लागायची. खात्यावरच्या पैशाला एक सही पुरते. मोबदला देताना तुम्ही जमिनीच्या जागी पैसा ठेवलात, आणि जमिनीभोवती असलेला घराचा पहारा काढून घेतलात. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

आता बहिणींबद्दल, कारण सगळ्यात निर्दय व्यवहार तिथे होतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये देशभर केला. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. कायदा याहून स्वच्छ काय असणार? आणि तरी निवाडा जवळ आला की दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात हक्कसोडपत्राची गर्दी होते. भाऊ गाडी करून बहिणीला घेऊन येतो. येताना साडी-चोळी, पोरांना खाऊ. वाटेत आई सांगते, “भावाशी वाकडं घेऊ नको बाई, माहेर तुटंल.” आणि ती सही करते. कशावर करते हे बहुतेकींना ठाऊक असतं. त्या अडाणी असतात असं समजू नका. लाखो रुपये आणि माहेर यांत तिला निवड करायला लावलेली असते, आणि ती माहेर निवडते. काही महिन्यांनी तिला कळतं की माहेरही गेलंच, कारण पैसा आल्यावर भावांनाच माहेरपण नकोसं झालं. मग तिचा नवरा, ज्याने त्या जमिनीकडे जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यामागे लागतो की दावा लाव. ती दोन्हीकडून भरडली जाते.

यात तुमचं कार्यालय कुठे येतं ते सांगते. तुम्ही खातेदाराला सांगता, “सगळ्या वारसांची संमती घेऊन या.” कागद मागता, हे बरोबरच आहे. पण तो आणण्याचं काम तुम्ही अशा माणसावर सोपवता, ज्याचा फायदा बहिणीने हक्क सोडण्यात आहे. तिला तुम्ही कधी स्वतः विचारत नाही. तिच्या सासरच्या पत्त्यावर तुमची नोटीस जात नाही. रक्कम किती, तिचा वाटा किती होतो, सही केल्याने काय जाईल, हे सरकारी माणसाच्या तोंडून तिला कधीच कळत नाही. भावाने जे सांगितलं तेच तिच्यासाठी सरकार.

आणि एखादी बहीण उभी राहिलीच, हरकत घेतलीच, तर काय होतं? वाटणीचा वाद म्हणून भूसंपादन कायद्याच्या कलम ७६ आणि ७७ खाली रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि तारखा सुरू होतात. सगळं गाव तिच्याकडे बोट दाखवतं, हिच्यामुळे अडकले पैसे. हक्क मागणारी हावरी ठरते आणि हक्क गिळणारा बिचारा.

रक्कम येण्याआधीचे काही महिनेही असेच असतात. संयुक्त मोजणीची कुणकुण लागली की बांधावर हातभर उंचीची आंब्याची कलमं रोवली जातात, पंचनाम्यात ती फळझाडं व्हावीत म्हणून. पत्र्याची शेड एका रात्रीत उभी राहते. कोरडी बोअर ‘पाणी असलेली’ होते. हे शेतकऱ्याला सुचत नाही, सुचवणारा एजंट असतो. तो दोन टक्के, चार टक्के ठरवतो आणि सांगतो की यातले वरपर्यंत जातात. खरंच जातात की तो नाव सांगून खातो, हे शेतकऱ्याला कळायचा मार्ग नसतो. शिवाय आयकर वाचवून देतो म्हणूनही हा एजंट पैसे घेतो. वास्तविक कलम ९६ प्रमाणे या कायद्याखाली निवाड्याने किंवा कराराने मिळालेल्या मोबदल्यावर आयकरच नाही, आणि हे एका फलकावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावता येतं. जन्मभर घामाच्या पैशावर जगलेल्या घराला या पैशाची पहिली ओळख होते ती अशी : खोटं लिहिलं की जास्त मिळतं, आणि मध्ये कुणाला तरी चारावं लागतं. ज्या पोराने बापाला खोट्या झाडांच्या पंचनाम्यावर सही करताना पाहिलं, तो पुढे त्याच बापाची खोटी सही करतो तेव्हा त्याला त्यात नवीन काहीच वाटत नाही.

बँकाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मोबदल्याची यादी फुटली की ठेवी गोळा करायला साहेब लोक पेढे घेऊन दारात जातात. मुदत ठेव म्हणून सांगून दरवर्षी हप्ता भरावा लागणाऱ्या विमा पॉलिसी गळ्यात मारल्या गेल्या. पुढच्या वर्षी हप्ता भरायला पैसे नाहीत, म्हणजे भरलेल्यातलंही गेलं. मोटारींच्या शोरूमवाल्यांनी तर गावात मांडव घातले.

तुमच्यातले काही जण खासगीत म्हणतात, “गरिबाला पैसा पचत नाही.” मला हे वाक्य फार लागतं. श्रीमंताच्या घरातही वारसाहक्कावरून खून पडतात, कंपन्या फुटतात. फरक इतकाच की त्याच्या पदरी वकील असतो, सनदी लेखापाल असतो, आणि पैसा दोन-तीन पिढ्यांत हळूहळू वाढलेला असतो. आमच्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसते, कारण त्याच्याकडे कधी कुणी काही मागायलाच आलेलं नसतं. अचानक मेहुणा, पुढारी, देवस्थानची समिती, जुना वर्गमित्र, सगळेच दारात. पहिल्यांदा आयुष्यात लोक त्याला ‘शेठ’ म्हणतात. त्या हाकेची नशा दारूपेक्षा वाईट. ती टिकवायची म्हणून तो खर्च करत राहतो, आणि ज्यांनी त्याला शेठ न म्हणता नावाने हाक मारली असती, ते घरचेच लोक त्याला अडचणीचे वाटू लागतात.

आणि पैसा पचवणारे शेतकरी याच महाराष्ट्रात आहेत. पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात त्यात वाटेकरी झाले आणि स्वतःच्या जमिनीवर स्वतःच नगर उभारलं. एकरकमी चेक घेऊन मोकळं होण्याऐवजी त्यांनी मालकी राखली आणि उत्पन्नाचा ओघ चालू ठेवला. प्रत्येक गावाला शहराचं असं शेजार मिळत नाही हे मला कळतं. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात आयटी पार्क कोण बांधणार? पण जमिनीऐवजी दरसाल येणारं उत्पन्न, ही कल्पना सरकारलाही नवी नाही. हरियाणाने २००७ मध्येच मोबदल्याच्या वर ३३ वर्षं एकरी वार्षिक रक्कम द्यायचं धोरण आणलं. समृद्धीच्या सुरुवातीला आपल्याकडेही जमीन एकत्रीकरणात विकसित भूखंड आणि दहा वर्षं ठरावीक वार्षिक रक्कम, असा प्रस्ताव होताच. शेतकऱ्यांनी तो झिडकारला आणि थेट खरेदीकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही. सरकारच्या उद्याच्या शब्दापेक्षा आजची रोकड बरी, हे त्यांना कोयनेने शिकवलं आहे, आणि नवी मुंबईनेही. १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा विचार सुरू झाला. म्हणून पैसे सरकारने स्वतःकडे अडकवून ठेवावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पैसे पूर्ण द्या, वेळेत द्या. फक्त कुणाच्या हातात आणि कुणाच्या देखत, हे बदला.

आमच्याच भागातल्या एका विधवा बाईंनी ते स्वतः बदलून घेतलं. दोन मुलगे, एक मुलगी. मोजणीचे खांब लागले तशी त्या भावकीतल्या दोघा जाणत्यांना घेऊन तहसीलला गेल्या आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी करून घेतली. चौघांचे चार हिस्से, चार नावं, चार खाती. मुलीने हक्क सोडायची तयारी दाखवली तर म्हणाल्या, “सोडायचंच असंल तर पैसे हातात घेऊन मग दे भावांना. आधी नको.” रक्कम आल्यावर चौघांनी बहुतेक पैसा मासिक व्याजाच्या ठेवीत टाकला. चाळीस लाखांवर सात टक्के धरले तर महिन्याला तेवीस हजारांच्या वर येतात. कोरडवाहूतल्या माणसाला ते नोकरीसारखंच. धाकट्याने थोडे काढून दूध संकलनाचं यंत्र घेतलं. घरात तंटे झालेच नाहीत असं नाही, पण प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा माहीत होता, त्यामुळे संशयाला जागा राहिली नाही. त्या बाई सही करायला शिकलेल्या, तेवढंच शिक्षण. त्यांना जे सुचलं ते तुमच्या कार्यपद्धतीत का असू नये?

कायद्यात बरंचसं लिहिलेलंच आहे. २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. दुसऱ्या अनुसूचीत म्हटलं आहे की पुनर्वसनाचं घर पती-पत्नीच्या संयुक्त नावाने देता येईल. घराला जे चालतं ते घराच्या किमतीच्या कितीतरी पट रकमेला का चालू नये? त्याच अनुसूचीत बाधित कुटुंबाला नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख, किंवा वीस वर्षं महिन्याला किमान दोन हजारांची, महागाईनुसार वाढणारी वार्षिकी, असे पर्याय आहेत. हे पर्याय नीट समजावून सांगून मग निवड विचारली गेली, असं एकही घर मला भेटलं नाही. थेट खरेदीत तर अनुसूचीपर्यंत विषय जातच नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. निवाड्याआधी वारसनोंदी पुऱ्या करा आणि ‘ए.कु.मॅ.’च्या आड दडलेली नावं बाहेर काढा. हे अशक्य नाही. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम तुमच्याच खात्याने गावोगाव हाती घेतलं. जिथे जमीन जाणार आहे त्या गावांत तेच काम सर्वांत आधी करा. पत्नी, आई आणि सासरी असलेल्या बहिणी यांना त्यांच्या त्यांच्या पत्त्यावर वेगळी नोटीस पाठवा. हक्कसोड करायचं असेल तर त्या बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यासमोर, भाऊ आणि नवरा दोघेही बाहेर बसलेले असताना घ्या, आणि तिच्या वाट्याला येणारा आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती आहे आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्या समितीचा वकील त्या दिवशी तिथे बसवा.

रक्कम ज्याच्या त्याच्या हिश्शाने ज्याच्या त्याच्या खात्यावर जाऊ द्या, आणि नवरा-बायकोचा हिस्सा असेल तर दोघांच्या संयुक्त खात्यावर, दोघांच्या सहीने निघेल असा. संमतीपत्रासोबत एक पानाचा साधा अर्ज द्या : सगळी रक्कम हाती हवी, की काही भाग दरमहा व्याज देणाऱ्या ठेवीत हवा? सक्ती नको. पण विचारा तरी. ज्याला कुणी विचारलंच नाही तो सगळीच हातात घेणार. वाटपाआधी गावात एक दिवस काढा, घरातल्या सगळ्यांना बोलवा, बायकांना मागच्या रांगेत नको. त्या दिवशी कुठल्याही बँकेचा, विम्याचा आणि गाडीचा माणूस आवारात दिसता कामा नये. आणि दोन वर्षांनी त्याच घरांत परत जा. किती पैसे उरले, आई कुणाकडे आहे, बहिणी येतात का, हे लिहून घ्या. पुलाचं काम कसं झालं हे तपासायला पथक येतं, मग घराचं काय झालं हे बघायला एक मंडळ अधिकारी का येऊ नये?

यातल्या काही गोष्टींना शासन निर्णय लागेल, हे मी इतकी वर्षं सरकारी कागद हाताळल्यावर ओळखून आहे. त्यासाठी मंत्रालयाकडे वेगळं निवेदन पाठवते आहे. पण काही गोष्टी आजही तुमच्या हातात आहेत. भूसंपादन कायद्याच्या कलम २१ ची नोटीस हितसंबंध असलेल्या, किंवा तो असल्याचं मानायला जागा असलेल्या प्रत्येक व्यक्तीला द्यायची असते, फक्त सातबारावरच्या नावाला नाही. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हितसंबंध आहे, हे मानायला आता सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणखी कसला पुरावा हवा? तुमच्या टेबलावर आत्ता ज्या गावाची यादी पडली आहे, त्या यादीवर सही करायच्या आधी ग्राम महसूल अधिकाऱ्याला एवढंच विचारा, की या खातेदाराला बहिणी किती, त्या दिल्या कुठे, आणि त्यांच्या नावाने नोटीस निघाली का.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी